एआरटीवर वाढलेली मुलं: पंधरा ते पंचवीस या वयात उपचार कसा टिकवायचा

१ एप्रिल २००४ रोजी भारतात सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू झाली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ ला सुरू झाला. त्या सुमारास ज्या मुलांना पहिली गोळी मिळाली, ती आज विशीत आहेत. कुणी आयटीआय केलंय, कुणी नर्सिंग करतंय, कुणाचं लग्न ठरतंय. लातूरजवळच्या हासेगावचं सेवालय, पंढरपूरची पालवी, बीडचं इन्फंट इंडिया अशा संस्थांत वाढलेल्या मुलांबद्दल लोक बोलतात. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त मुलं आजीआजोबांकडे, मावशीकडे, काकांकडे गाजावाजा न होता वाढली. हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पंधरा-वीस वर्षांच्या वयात ज्यांना नव्याने लागण झाली, त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी निष्कर्ष सांगतो. लवकर सुरू झालेली आणि न चुकता घेतलेली एआरटी माणसाला म्हातारपणापर्यंत नेऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ‘चेर’ या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. काही आठवड्यांच्या बाळांना लगेच औषध सुरू केल्यावर मृत्यूचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं होतं. आजची औषधं त्या वेळच्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत. तरीही जवळजवळ प्रत्येक देशात एकच चित्र दिसतं: विषाणू आटोक्यात असण्याचं प्रमाण किशोरवयात आणि तरुणपणी मोठ्या माणसांपेक्षा कमी असतं. औषध तेच असतं. फरक पडतो तो लपवाछपवीमुळे, गाव सुटण्यामुळे, बालविभागातून मोठ्यांच्या रांगेत अचानक ढकललं गेल्यामुळे आणि ‘आता मला कशाला हवी गोळी’ या थकव्यामुळे. या चारही गोष्टींची आधीच तयारी करता येते.

पहिली पायरी: मुलाला खरं सांगा, आणि वेळेत सांगा

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०११ पासून स्पष्ट आहे: शाळकरी वयात, म्हणजे ६ ते १२ वर्षांच्या दरम्यान, मुलाला त्याच्या आजाराची माहिती टप्प्याटप्प्याने द्यावी. आपल्याकडे मात्र ‘तुझ्या छातीत जरा प्रॉब्लेम आहे’, ‘रक्त कमी आहे’, ‘या ताकदीच्या गोळ्या आहेत’ यावर वर्षानुवर्षं निभावलं जातं. मूल नववीत जातं, विज्ञानाच्या पुस्तकात एचआयव्हीचा धडा येतो, डबीवरचं नाव ते मोबाइलवर शोधतं आणि सगळं एकटंच समजून घेतं. त्यानंतर गोळी बंद होते ती आजारापेक्षा रागामुळे. ‘तुम्ही माझ्याशी खोटं बोललात’ हा तो राग असतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: ‘तुझ्या रक्तात एक जंतू आहे. ही गोळी त्याला झोपवून ठेवते. गोळी चुकली की तो जागा होतो.’ नऊ-दहाव्या वर्षी पांढऱ्या पेशी आणि सीडी फोर (त्यांतल्या, हा विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या पेशींची मोजणी) समजतं. बाराच्या आत नाव सांगा: एचआयव्ही. ते कुठून आलं हा प्रश्न येणारच. ‘आईकडून आलं, आईला तेव्हा माहीत नव्हतं किंवा औषध मिळालं नव्हतं, यात तिची चूक नाही’ हे वाक्य तयार ठेवा. आईवडील गेलेले असतील तर ते कशाने गेले हेही याच वेळी सांगावं लागतं. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हा त्यानंतरचा वेगळा संवाद. ‘हे लाज वाटण्यासारखं नाही, पण सगळ्यांना सांगायचंच असंही नाही’ हा फरक मुलाला नीट समजायला हवा.

एआरटी केंद्रातले काउन्सेलर हे काम रोज करतात. घरी जमत नसेल तर त्यांच्यासमोर बसून सांगा. पण सांगताना घरचं माणूस तिथे हवंच. परक्याच्या तोंडून हे कळणं आणि आजीचा हात हातात असताना कळणं, यातला फरक मूल पुढे अनेक वर्षं विसरत नाही.

दुसरी पायरी: आपली फाइल आपल्याला वाचता आली पाहिजे

साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून मुलाने स्वतः हिरवं पुस्तक, म्हणजे केंद्राने दिलेलं उपचारांच्या नोंदींचं पुस्तक, हाताळायला लागावं. केंद्रातलं पांढरं कार्ड तिथेच राहतं, हिरवं पुस्तक आपल्याकडे. एका साध्या वहीत वेगळं लिहून ठेवा: एआरटी नंबर, औषध सुरू झाल्याची तारीख, आजवर बदललेली प्रत्येक औषधजोडी आणि ती का बदलली, प्रत्येक व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं मोजमाप) आणि सीडी फोर तारखेसह, झालेला टीबी, कशाची अॅलर्जी आली ते. पानांचे मोबाइलवर फोटो काढून कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा.

हा खटाटोप कशासाठी, हे जुन्या औषधांकडे पाहिलं की कळतं. २००६-०७ च्या मुलांना बहुधा स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरॅपीन मिळालं. स्टॅव्हुडीनने अनेकांचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. त्याच्या जागी झिडोव्हुडीन किंवा अॅबॅकॅव्हिर आलं. नेव्हिरॅपीन आणि पुढे एफाविरेन्झ यांच्या बाबतीत एक अडचण अशी की थोडा खाडा झाला तरी विषाणू त्यांना सरावतो, मग ते औषध निकामी होतं. म्हणून काही मुलं लहानपणीच लोपिनॅव्हिर किंवा अॅटॅझनॅव्हिरच्या दुसऱ्या फळीवर गेली. उद्या पंचविसाव्या वर्षी डॉक्टरांना नवीन जोडी निवडायची असेल, तेव्हा ‘कोणत्या औषधांना माझा विषाणू आधीच सरावलेला आहे’ हे त्या वहीतूनच कळतं. केंद्र बदलताना कागद गहाळ होतात. वही आपल्याकडेच राहते.

तिसरी पायरी: रोजची गोळी

आज बहुतेक किशोरवयीन आणि तरुणांना टीएलडी मिळते. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एका गोळीत, दिवसातून एकदा. साधारण दहा वर्षांवरच्या आणि तीस किलोंहून जास्त वजनाच्या मुलांना ती देता येते. त्याहून लहानांना वजनानुसार अॅबॅकॅव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर दिलं जातं. युगांडा, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका, थायलंड आणि युरोपातल्या ७०७ मुलांवर झालेल्या ‘ओडिसी’ चाचणीत ९६ आठवड्यांत उपचार फसण्याचं प्रमाण डोल्युटेग्रॅव्हिरवर १४ टक्के, तर जुन्या औषधांवर २२ टक्के होतं. तेव्हा घरात कुणी ‘जुनी गोळीच बरी होती’ म्हणत असेल, तर त्यांना हे सांगा.

वेळ कोणती? तुमच्या दिवसातली सगळ्यात न हलणारी. एफाविरेन्झ होतं तेव्हा रात्री झोपताना घ्यायची सवय लागलेली असते, कारण त्याने गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची. टीएलडीला ते बंधन नाही. ती जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते, आणि तिने झोप उडत असेल तर उलट सकाळीच घ्यावी. सकाळी ब्रश केल्यावर किंवा चहासोबत, असं रोजच्या एखाद्या कामाला जोडून टाका. मोबाइलचा गजर लावाच, पण त्याला ‘गोळी’ असं नाव देऊ नका. ‘क्लास’, ‘चार्जर’, काहीही चालेल.

गोळी चुकली तर बारा तासांच्या आत आठवली की लगेच घ्या. त्याहून उशीर झाला असेल तर सोडून द्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला घ्या. दोन एकदम घेऊ नका. ठरलेल्या गोळ्यांपैकी निदान ९५ टक्के घेतल्या गेल्या का, असा हिशेब केंद्रात लावतात. महिन्याच्या ३० गोळ्यांत त्याचा अर्थ एखाद-दुसरी गोळी, त्याहून जास्त नाही.

हॉस्टेल हा इथला खरा कसोटीचा भाग. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली खुळखुळते, तिच्यावर नाव असतं, रूममेट विचारतात. आठवड्यापुरत्या गोळ्या एका साध्या कोरड्या डबीत काढून ठेवा. उरलेल्या गोळ्या मूळ बाटलीतच, ओल शोषणाऱ्या पुडीसकट, बॅगेच्या तळाशी किंवा कुलपात. दोन गोळ्या पाकिटात किंवा कंपासपेटीत कायम असाव्यात, म्हणजे एसटी चुकली, मित्राकडे मुक्काम पडला, तरी खाडा होत नाही. कुणी विचारलंच तर ‘थायरॉइडची गोळी आहे, रोज घ्यावी लागते’ हे उत्तर अनेकांनी वापरलंय. त्यात मला काही गैर वाटत नाही. स्वतःचं खासगीपण जपण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगायला हवं. दिवाळीनंतर निघून चैत्रापर्यंत परतायचं असेल तर निघण्याआधीच केंद्रात जाऊन सांगा. प्रकृती स्थिर असेल तर एकावेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. कारखान्याजवळचं एआरटी किंवा लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेलं, गोळ्या देणारं छोटं केंद्र) कोणतं, तेही तिथेच विचारून ठेवा. वाटेत गोळ्या संपल्या तर हिरवं पुस्तक घेऊन जवळच्या कुठल्याही एआरटी केंद्रात जा. ‘माझं केंद्र हे नाही’ म्हणून घरी बसू नका.

चौथी पायरी: व्हायरल लोड समजून घ्या

एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत, ते व्हायरल लोड सांगतो. सीडी फोर शरीराची ताकद दाखवतो आणि तो उशिरा घसरतो. उपचार फसतोय हे आधी लोडमध्ये दिसतं. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी २०१८ पासून सर्वांसाठी नियमित झाली: औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, नंतर दरवर्षी एकदा. ती मोफत असते.

रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे तपासणीत विषाणू सापडला नाही, असं आलं तर उत्तम. १००० च्या खाली पण शून्य नाही, असा आकडा आला तर घाबरायचं कारण नाही, पण पुढचे दोन-तीन महिने एकही गोळी चुकवायची नाही, एवढं ठरवा. १००० किंवा त्याहून जास्त आलं तर पाचवी पायरी वाचा.

एक सवय मुद्दाम लावून घ्या: तपासणीची वेळ आली की काउन्सेलरला आपणहून विचारा, ‘माझा यंदाचा लोड राहिलाय का?’ गर्दीच्या केंद्रात आठवण करून देणारा पेशंट मागे पडत नाही. जुन्या औषधांवरून टीएलडीवर जाताना हे आणखी महत्त्वाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात काही देशांच्या पाहण्यांत डोल्युटेग्रॅव्हिरला न जुमानणारा विषाणू ३.९ ते ८.६ टक्क्यांपर्यंत आढळला, आणि लोड जास्त असतानाच जुन्या औषधांवरून बदल झालेल्यांमध्ये हे प्रमाण १९.६ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. डोल्युटेग्रॅव्हिर दणकट औषध आहे, पण अमर्याद माफ करणारं नाही.

पाचवी पायरी: लोड वाढला तर

पहिली गोष्ट, ओरडू नका. पालकांनी नाही, डॉक्टरांनी नाही, काउन्सेलरनेही नाही. ‘इतकी वर्षं सांभाळलं आणि हे फळ दिलंस?’ हे वाक्य ऐकल्यावर मूल पुढच्या महिन्यात गोळ्या मोजून फेकतं आणि डबी रिकामी दाखवतं. डबी रिकामी, लोड लाखात, असं चित्र दिसलं की समजावं, खरं बोलण्याची जागाच या मुलाला मिळालेली नाही.

केंद्रात पुढचे साधारण तीन महिने जास्तीचं समुपदेशन होतं आणि मग लोड पुन्हा तपासतात. हे तीन महिने कारण शोधण्यासाठी वापरा. कारण नेहमी ‘आळस’ नसतं. रात्रपाळी लागली आणि गोळीची वेळ कोसळली. होस्टेलच्या वॉर्डनने बॅग तपासली. मोठ्या भावाचं लग्न ठरलं आणि घरच्यांनी पाहुण्यांपुढे गोळी घेऊ नको म्हटलं. मैत्रिणीला कळलं आणि ती बोलेनाशी झाली. बुवाने काढा दिला आणि ‘इंग्रजी औषध थांबव’ म्हणाला. जिममध्ये भलत्या पावडरी सुरू झाल्या. प्रत्येकावर वेगळा उपाय लागतो, आणि तो कारण कळल्यावरच सापडतो. काही आठवडे घरचं एखादं माणूस समोर बसून गोळी घेताना पाहील, अशी व्यवस्था लोड खाली आणायला बरेचदा पुरते. त्यात पहारा नको, सोबत हवी.

तीन महिन्यांनंतरही लोड १००० च्या वर राहिला तर केंद्र तज्ज्ञांच्या समितीकडे केस पाठवतं आणि औषध बदलायचं का ते ठरतं. दुसऱ्या फळीची औषधंही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. त्या काळात आहे ती गोळी बंद करू नका. ‘उपयोग होत नाही तर कशाला घेऊ’ हा तर्क इथे घातक ठरतो. ज्यांना सोबत हेपटायटिस बी आहे, त्यांच्यासाठी तर दुप्पट. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडीन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ती अचानक थांबवली तर यकृताला जोराचा झटका बसू शकतो.

झिंबाब्वेमधल्या ‘झ्वांदिरी’ कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वयाचे तरुणच आपल्याहून लहान मुलांच्या घरी जातात, फोन करतात, गोळीबद्दल आणि बाकी आयुष्याबद्दल बोलतात. ग्रामीण भागात झालेल्या त्याच्या चाचणीत उपचार फसण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. औषध दोन्ही गटांचं सारखंच होतं. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात असा गट नाही, पण पॉझिटिव्ह लोकांचे जिल्हा नेटवर्क आणि ‘विहान’ची काळजी व आधार केंद्रं आहेत. तुमच्या केंद्रात विचारा: ‘माझ्या वयाचं, नीट औषध घेणारं कुणी आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल?’ हजार उपदेशांहून हा एक फोन नंबर जास्त कामाचा असतो.

सहावी पायरी: गोळीसोबत काय जमत नाही

हा भाग कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबून वाचा. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम हे डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी पोचतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी, डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, पित्तासाठीचं जेलुसिल किंवा डायजीन, सगळं यात येतं. टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत एक सवलत आहे: भरपोट जेवणासोबत घेतलं तर दोन्ही एकत्र चालतं. पित्ताच्या पातळ औषधाला ही सवलत नाही. पॅन्टोप्रॅझोलने डोल्युटेग्रॅव्हिरला अडचण येत नाही, पण अॅटॅझनॅव्हिरवर असाल तर तीच गोळी धोक्याची, आधी विचारा.

टीबी झाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. टीएलडीच्या बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी घ्यायची, आणि रिफॅम्पिसिन संपल्यानंतरही दोन आठवडे ती चालू ठेवायची. फिट्सच्या कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन या गोळ्याही त्याचा असर कमी करतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन असेल तर दिवसाला १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ज्यांच्या औषधात रिटोनॅव्हिर आहे (लोपिनॅव्हिर, अॅटॅझनॅव्हिरसोबत ते देतात), त्यांनी दम्याचा स्टेरॉइड पंप, सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा अर्धशिशीची अर्गोटयुक्त गोळी एआरटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

जिमला जाणाऱ्या मुलांनो: क्रिएटिनच्या पावडरीने रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, डोल्युटेग्रॅव्हिरनेही ते थोडं वाढलेलं दिसतं. मग टेनोफोव्हिरमुळे किडनीवर खरंच ताण आहे की नाही, हे डॉक्टरांना कळेनासं होतं. मास गेनरच्या डब्यात वर सांगितलेली खनिजंही असतात. डबा सोबत नेऊन दाखवा. व्यायाम जरूर करा. त्याची या वयात हाडांना खरी गरज असते.

सातवी पायरी: पुढची चाळीस वर्षं डोळ्यासमोर ठेवून तपासण्या

किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवी. हिमोग्लोबिन, विशेषतः झिडोव्हुडीनवर असाल तर. उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल. डोल्युटेग्रॅव्हिरवर काहींचं वजन वाढतं, क्वचित साखरही. दर भेटीला वजन लिहून ठेवा. वडापाव कमी करणं आणि रोज चालणं हे उपाय गोळी बदलण्याच्या आधीचे आहेत.

हाडं विशीपर्यंत भरत असतात आणि टेनोफोव्हिरने त्यांची घनता थोडी कमी होऊ शकते. नाचणी, दूध, तीळ, ऊन आणि व्यायाम इथे कामी येतात. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या बऱ्याच मुलांची उंची कमी राहते, वयात यायला उशीर होतो. एआरटीने त्यातलं बरंच भरून निघतं, सगळं नाही. मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे म्हणून पालकांनी त्याला टोमणे मारू नयेत. सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही किंवा आवाज फुटला नाही तर डॉक्टरांना सांगावं.

टीबीची चार लक्षणं प्रत्येक भेटीत तपासतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. यातलं एक जरी असेल तर लपवू नका. नसेल तर टीबी प्रतिबंधाची औषधं झाली का, ते विचारा.

मुलींसाठी एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी. एचआयव्ही असताना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक बाजारात आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना शक्य तिथे तीन डोस घ्यायला सांगतात. पंचविशीपासून गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करायची, आणि त्यासाठी लग्न होण्याची वाट पाहायची नाही.

आठवी पायरी: बालविभागातून मोठ्यांच्या केंद्रात

लहानपणापासून ओळखणारी सिस्टर, वाढदिवस लक्षात ठेवणारे डॉक्टर, आणि मग एक दिवस अनोळखी रांग. किंवा गावच्या केंद्रातून शिक्षणासाठी पुण्याला. औषधातून गळणारी मुलं इथे सगळ्यात जास्त गळतात.

वर्षभर आधी तयारी करा. डॉक्टरांच्या खोलीत मूल आधी एकटं जाऊ दे, पालक नंतर आत येतील. आपल्या गोळीचं नाव, शेवटचा लोड आणि पुढची तारीख त्याला न बघता सांगता आली पाहिजे. नवीन केंद्राला एकदा नुसती भेट द्या, वेळ आणि वार पाहून घ्या, काउन्सेलरचं नाव विचारून ठेवा. ट्रान्सफरचा कागद घेताना हातात किमान एक महिन्याच्या गोळ्या शिल्लक असाव्यात. ट्रान्सफर म्हणजे जुन्या केंद्राने पाठवलं एवढंच. नवीन केंद्रात नाव नोंदलं गेलं की मगच ते पूर्ण झालं. पालकांनी त्या आठवड्यात फोन करून ‘नोंद झाली का’ एवढं विचारावं. मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय मुलांच्या एचआयव्हीसाठी विशेष केंद्र म्हणून काम करतं. गुंतागुंतीची केस असेल तर आपल्या केंद्राकडून तिथला सल्ला मागवता येतो.

नववी पायरी: मन

आईवडील लवकर गेलेले, घरोघरी वाढलेपण, एक गुपित पोटात. उदास वाटणं, झोप न लागणं, ‘संपवून टाकावं’ असं मनात येणं, हे काउन्सेलरला सांगण्यासारखंच आजारपण आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मनावरचे उपचार सुरू झाले की गोळीही सावरते, हे केंद्रातले जुने काउन्सेलर तुम्हाला सांगतील.

दहावी पायरी: प्रेम, लग्न, मूल

२०११ साली जाहीर झालेल्या एचपीटीएन ०५२ या अभ्यासात दोघांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, आणि पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतलीही त्यात होती. लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. नंतर युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासांत, लोड दाबलेला असताना कंडोमशिवाय आलेल्या संबंधांतून एकही लागण झालेली आढळली नाही. लोड न दिसण्याइतका असेल आणि तसाच टिकला असेल, तर शरीरसंबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. प्रत्येक तरुणाला हे वाक्य पाठ असावं. इतर गुप्तरोग आणि नको असलेला गर्भ टाळायला कंडोम तरीही हवाच. डोल्युटेग्रॅव्हिर घेत असाल तर गर्भनिरोधक गोळ्या काम करतात. एफाविरेन्झ काही संप्रेरकांचा परिणाम कमी करतं, तेव्हा विचारून घ्या.

लग्नाआधी जोडीदाराला सांगा. कायदाही एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीकडून वाजवी खबरदारीची अपेक्षा ठेवतो. पण त्याहून मोठं कारण घरातलंच आहे: लपवून सुरू झालेल्या संसारात गोळी कपाटामागे जाते आणि तिथेच चुकायला लागते. सांगणं जड जात असेल तर काउन्सेलरसमोर दोघांनी बसावं.

मूल हवं असेल तर आधी लोड दाबून घ्या. आई नीट औषधावर असेल तर बाळाला लागण होण्याचा धोका फार कमी असतो. २०१८ साली बोट्स्वानातून डोल्युटेग्रॅव्हिर आणि बाळाच्या मणक्यातल्या दोषांबद्दल काळजीची बातमी आली होती. पुढच्या वर्षांत जास्त जन्मांची माहिती जमली तशी ती काळजी विरत गेली, आणि गरोदरपणात हे औषध दिलं जातं. दिवस राहिल्याचं कळताच भीतीने गोळी बंद करणं, हीच खरी धोक्याची गोष्ट. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांची आणि शेवटची अठरा महिन्यांची, दोन्ही चुकवू नका.

अकरावी पायरी: कायदा आणि हक्क

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण किंवा उपचारासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. शाळेतून, हॉस्टेलमधून, भाड्याच्या घरातून या कारणाने काढता येत नाही. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती कुणी उघड करू शकत नाही. नोकरीवरून काढायचं तर स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचं लेखी मूल्यमापन लागतं. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, आणि या कायद्याखालच्या तक्रारी ऐकायला राज्याचा लोकपाल आहे. कंपनीच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची चाचणी मागितली तर ‘ही अट लेखी द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. बऱ्याचदा विषय तिथेच थांबतो. थांबला नाही तर तो कागदच तुमचा पुरावा होतो.

आईवडील नसलेल्या घरात थोरल्या भावंडासाठी यात एक फार मोलाची तरतूद आहे: बारा ते अठरा वयाचं समजूतदार भावंड शाळाप्रवेश, बँक खातं, उपचार अशा कामांसाठी धाकट्यांचं पालक म्हणून उभं राहू शकतं.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आणि संजय गांधी निराधार योजना यांचे अर्ज अनुक्रमे महिला व बालविकास कार्यालयात आणि तहसीलमध्ये होतात. एसटीच्या प्रवास सवलतीची चौकशी केंद्रात आणि आगारात करा. कागदपत्रांसाठी केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. ते मागताना त्यावर गरजेपेक्षा जास्त माहिती लिहिली जाणार नाही, हे पाहा. कुठलंही केंद्र शोधायचं असेल, काही विचारायचं असेल किंवा तक्रार कुठे करायची ते कळत नसेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. नाव न सांगताही तिथे बोलता येतं.